मांगाकांच्या आयुष्यावरच्या मांगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बाकुमान' पाहून झाल्यावर किंवा 'लुक बॅक' वाचून सुन्न झाल्यावर वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून अवघडाकडे असा क्रम आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे. कथेतला महत्त्वाचा प्रसंग उघड होत असेल तिथे आधी सूचना आहे.

१. मांगाकांवरच्या मांगा म्हणजे नेमकं काय?

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा आणि ती काढणारा किंवा काढणारी म्हणजे मांगाका, एवढं तुम्हाला माहीत असेलच. या मांगाकांनी स्वतःच्या धंद्यावरही भरपूर चित्रकथा काढल्या आहेत. काही सरळ आत्मचरित्रं आहेत, काही पूर्ण कल्पित आहेत, तर काहींत नायक मांगाका नसून त्याचा संपादक आहे. नावावरून वाटतं की या कथा प्रतिभेबद्दल असतील. वाचायला घेतल्या की कळतं, त्या कामाबद्दल आहेत. किती पानं बाकी, किती तास हातात, भाडं कशातून द्यायचं, शेजारी बसून रेघा मारायला कोण आहे, हे त्यांचे विषय. म्हणून चित्रकलेशी संबंध नसलेल्या वाचकालाही त्या भिडतात.

२. मी आजवर एकही मांगा वाचलेली नाही. सुरुवात कुठून करू?

तात्सुकी फुजिमोतो यांच्या 'लुक बॅक'पासून. १९ जुलै २०२१ रोजी ती 'शोनेन जंप प्लस' या ऑनलाइन मांगा-व्यासपीठावर एकाच वेळी पूर्ण आली. १४३ पानांची ही कथा एका बैठकीत संपते. गावातल्या शाळेत फुजिनो ही मुलगी शाळेच्या पत्रकासाठी चार चौकटींच्या चित्रकथा काढते आणि सगळे तिचं कौतुक करतात. मग शाळेत न येणाऱ्या क्योमोतोची चित्रं तिच्या चित्रांशेजारी छापून येतात आणि आपण किती मागे आहोत ते फुजिनोला दिसतं. पानामागून पान फुजिनोची फक्त पाठ दिसते. ती टेबलाशी बसलेली आहे, खिडकीबाहेर ऋतू बदलताहेत. मेहनत दाखवायला याहून कमी शब्द लागलेले मी पाहिले नाहीत. २०२४ मध्ये कियोताका ओशियामा यांनी यावर तासाभरापेक्षाही छोटा चित्रपट केला. तोही उत्तम आहे, पण आधी पुस्तक वाचा.

लांब मालिका हवी असेल तर 'बाकुमान' (प्रश्न ३). आणि मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, चौकटीसुद्धा. दहा पानांत सवय होते.

३. 'बाकुमान'मध्ये दाखवलेलं कितपत खरं आहे? वाचकांच्या मतांवर खरंच मालिका बंद होतात का?

हो, होतात. त्सुगुमी ओहबा (लेखन) आणि ताकेशी ओबाता (चित्रं) यांची 'बाकुमान' २००८ ते २०१२ या काळात 'वीकली शोनेन जंप' या साप्ताहिकात आली. तिचे २० खंड आहेत. शाळेतली दोन मुलं, माशिरो आणि ताकागी, एक चित्रं काढतो नि दुसरा कथा लिहितो. त्यांना याच 'जंप'मध्ये पहिल्या क्रमांकावर जायचं आहे. साप्ताहिक खरं, प्रकाशक शुएशा खरा, आणि संपादकांची पात्रंही तिथल्या खऱ्या माणसांवर बेतलेली.

मतदानाची पद्धतही खरीच. अंकातल्या कार्डावर वाचक सगळ्यात आवडलेल्या तीन मालिका कळवतात आणि त्या मतांवरून मालिकांचं भवितव्य ठरतं. नव्या मालिकेला पाय रोवायला वेळ फार थोडा मिळतो, दहा-वीस आठवड्यांत गुंडाळलेल्या मालिकांची रांग मोठी आहे. १९९५ च्या एका जोडअंकाच्या ६५.३ लाख प्रती छापणारं हे साप्ताहिक. तिथे जागा मिळवणं म्हणजे काय आणि ती जाणं म्हणजे काय, हे या आकड्यावरून कळेल.

आठवड्याला साधारण १९ पानं, हेही खरं. प्रकृतीची हेळसांड खरी. माशिरोचा काका मांगाका होता आणि कामाच्या अतिताणाने गेला. ही सावली पहिल्या खंडापासून कथेवर आहे. पुढे माशिरो स्वतः दवाखान्यात पडून चित्रं काढतो, मुख्य संपादक मालिका थांबवतात, आणि इतर मांगाका त्याच्या बाजूने उभे राहतात. तो भाग मला सगळ्या मालिकेत श्रेष्ठ वाटतो, कारण तिथे 'हिंमत' आणि 'आत्मघात' यांतली सीमा कुणालाच नीट सांगता येत नाही.

कल्पित काय? वेग. इतक्या लहान वयात, इतक्या लवकर, इतकं यश दुर्मीळ. शिवाय माशिरो आणि त्याच्या वर्गातली अझुकी यांची प्रेमकथा ही निव्वळ कथेची गरज आहे आणि मालिकेचा सगळ्यात कच्चा धागाही. बाईपात्रांना इथे जवळपास काम नाही, ही तक्रार रास्त आहे. त्यावर उतारा प्रश्न १० मध्ये.

४. सगळ्या कथांत 'नेमु' हा शब्द येतो. ते काय असतं?

कथेचा कच्चा आराखडा. पानावर किती चौकटी, कोण कुठे उभा, संवाद काय, हे साध्या रेघांत मांडलेलं असतं. माणसं बरेचदा नुसती गोल डोक्याची. संपादक हाच आराखडा वाचतो आणि बदल सुचवतो. तो पसंत पडेपर्यंत पक्क्या पानांना हात लावायचा नाही. म्हणूनच या कथांतली खरी भांडणं शाई-पेनाआधी, एखाद्या कॅफेतल्या टेबलावर होतात. 'बाकुमान'च्या खंडांत प्रकरणांच्या मधे ओहबांचे आणि ओबातांचे आराखडे छापले आहेत. ते पक्क्या पानाशेजारी ठेवून पाहा. लेखकाने ठरवलेली चौकट चित्रकार कशी फिरवतो, हे कुठल्याही पुस्तकी धड्यापेक्षा तिथे चांगलं कळतं.

५. सगळी चित्रं मांगाका एकटाच काढतो का?

साप्ताहिक मालिकेत सहसा नाही. पार्श्वभूमी, इमारती, गर्दी, काळे भाग भरणं, छायेसाठी ठिपक्यांचे तयार कागद चिकटवणं (आता हे बरंचसं संगणकावर) ही सहाय्यकांची कामं. त्यांचा पगार बहुतेकदा मांगाकालाच द्यावा लागतो. पानामागे मिळणारं मानधन त्यात संपतं आणि हातात उरतं ते पुस्तकांच्या मानधनातलं. मालिका पुस्तकरूपात येण्याआधीच बंद पडली तर काय होत असेल, त्याचा हिशेब करा. सहाय्यक उद्याचा प्रतिस्पर्धीही असतो. 'बाकुमान'मध्ये हा ताण फार चांगला आला आहे. हलकंफुलकं हवं असेल तर इझुमी त्सुबाकी यांची 'गेक्कान शोजो नोझाकी-कुन' वाचा. शाळकरी नोझाकी मुलींसाठीची प्रेमकथा-मांगा काढतो आणि त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी त्याची सहाय्यक होऊन बसते.

६. तोकिवा-सो ही इमारत खरी होती का?

होती. तोक्योच्या तोशिमा भागात १९५२ मध्ये बांधलेली दुमजली लाकडी इमारत. छोट्या खोल्या, सामायिक स्वयंपाकघर, सामायिक संडास, न्हाणीघर नाही. तेव्हाचे आघाडीचे मांगाका ओसामु तेझुका १९५३ मध्ये तिथे राहायला आले. पुढच्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांची १४ क्रमांकाची खोली तोयामा प्रांतातल्या ताकाओका गावाहून आलेल्या दोन तरुणांना मिळाली. खोलीची अनामत रक्कमही तेझुकांनी त्यांच्यासाठी तशीच सोडली. हे दोघे म्हणजे हिरोशी फुजिमोतो आणि मोतोओ आबिको, 'फुजिको फुजिओ' या एकाच टोपणनावाने काढणारी जोडी. शोतारो इशिनोमोरी, फुजिओ आकात्सुका आणि काही महिने हिदेको मिझुनो याही तिथेच राहिल्या. एका छपराखाली इतकी मोठी नावं पुन्हा जमली नाहीत.

या दिवसांची कथा आबिकोंनी 'मांगा मिची'मध्ये सांगितली. १९७० मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प पुढच्या भागासह २०१३ पर्यंत चालला. त्यातलं तेरादा हे पात्र, म्हणजे खरे हिरोओ तेरादा, सगळ्यांचा थोरला भाऊ आहे. कुणाकडे भाड्याला पैसे नाहीत, कुणाचं काम परत आलं, की तेरादांचं दार ठोठवायचं. १९५५ च्या नव्या वर्षाला फुजिमोतो-आबिको ही जोडगोळी गावी गेली, घरच्या उबेत काम राहून गेलं, एकामागून एक मुदती चुकल्या आणि तगाद्याच्या तारा येत राहिल्या. त्यानंतर बराच काळ त्यांना काम मिळेना. आबिकोंनी ही घटना लपवली नाही, उलट रंगवून सांगितली. मुदतीची भीती इतकी खरी दुसऱ्या कुठल्या मांगात वाचल्याचं आठवत नाही.

स्वतः तेरादांनी पुढे चित्रकथा काढणं सोडून दिलं. त्यांच्या नजरेतून हा काळ पाहायचा असेल तर जुन इचिकावा यांचा 'तोकिवा-सो नो सेइशुन' हा १९९६ चा चित्रपट आहे. मूळ इमारत १९८२ मध्ये पाडली. तिची हुबेहूब प्रतिकृती करून त्याच परिसरात जुलै २०२० मध्ये संग्रहालय उघडलं आहे.

७. म्हणजे 'मांगा मिची' डोरेमॉनच्या निर्मात्यानेच काढली?

अर्धं बरोबर. डोरेमॉन फुजिमोतोंचा, 'मांगा मिची' आबिकोंची. १९८७ पर्यंत दोघांची नाव-सही एकच असल्यामुळे गोंधळ होतो. तोवरही बरीचशी कामं प्रत्यक्षात ज्याची त्याने काढलेली असत. तुमच्या घरातलं पोर टीव्हीवर डोरेमॉन बघत असेल तर त्या निळ्या मांजराच्या जनकाचे उमेदवारीचे दिवस त्याच्या मित्राने काढून ठेवले आहेत, असं त्याला सांगा. फुजिमोतो १९९६ मध्ये गेले, आबिको २०२२ मध्ये.

८. अपयशाच्या, हरलेल्या मांगाकांच्या कथा आहेत का? सगळीकडे शेवटी यशच दिसतं.

आहेत, आणि माझ्या मते या प्रकारातलं सगळ्यात मोलाचं काम तिथेच आहे.

हिदेओ आझुमा नावारूपाला आलेले मांगाका होते. १९८९ मध्ये ते काम टाकून घरातून निघून गेले आणि रानात, रस्त्यावर, कचऱ्यातलं अन्न खाऊन राहिले. पुढे पुन्हा एकदा नाहीसे झाले, तेव्हा गॅसच्या नळांच्या कामावर मजूर म्हणून राबले. नंतर दारूच्या व्यसनासाठी दवाखान्यात दाखल झाले. हे सगळं त्यांनी 'शिस्सो निक्की' (इंग्रजीत 'डिसअपिअरन्स डायरी') या २००५ च्या पुस्तकात गोल, गुबगुबीत, गोंडस चित्रांत काढलं. शक्य तितका वास्तवपणा काढून टाकला आहे, असं ते सुरुवातीलाच सांगतात. त्यामुळेच ते सहन होतं. या पुस्तकाला जपानमधले तीन मोठे पुरस्कार मिळाले. तेझुका सांस्कृतिक पुरस्कार त्यातलाच. आझुमा २०१९ मध्ये गेले.

योशिहारु त्सुगे यांची 'मुनो नो हितो' (इंग्रजीत 'द मॅन विदाउट टॅलेंट') १९८०च्या दशकातली. चित्रकथा सोडलेला एक माणूस तामा नदीकाठचे दगड गोळा करून तिथेच विकायला बसतो. गिऱ्हाईक येत नाही. बायको चिडते, मुलगा संध्याकाळी न्यायला येतो. नायकाला चित्रं काढता येतात, तरी तो काढत नाही, आणि का काढत नाही याचं सोपं उत्तर त्सुगे देत नाहीत.

तिसरी इनिओ आसानो यांची 'रेइराकु', २०१७ ची. गाजलेली मालिका संपली, पुढे काय काढायचं कळत नाही, संसार मोडतो, आणि नायक फुकाझावा दिवसेंदिवस कडवट होत जातो. हा माणूस आवडत नाही, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. त्सुगेंच्या पुस्तकावर १९९१ मध्ये आणि आसानोंच्या पुस्तकावर २०२३ मध्ये चित्रपट आले. दोन्ही दिग्दर्शित केले नाओतो ताकेनाका यांनीच.

९. योशिहिरो तात्सुमींचं जाडजूड आत्मचरित्र वाचावं का?

मांगाचा इतिहास हवा असेल तर हेच आधी. 'गेकिगा ह्योर्यु' (इंग्रजीत 'अ ड्रिफ्टिंग लाइफ') आठशेहून अधिक पानांचं आहे. १९४५ मधल्या शरणागतीपासून १९६० पर्यंतचा काळ त्यात येतो. ओसाकातला शाळकरी मुलगा मासिकांच्या स्पर्धांना चित्रकथा धाडतो, तेझुकांना भेटायला जातो, मग भाड्याने वाचायला मिळणाऱ्या पुस्तकांच्या बाजारात शिरतो. तिथे मानधन तुटपुंजं आणि प्रकाशक डळमळीत. पण मोठ्यांसाठी, गंभीर चित्रकथा काढायच्या या तरुणांच्या हट्टाला तिथेच जागा मिळाली. १९५७ मध्ये तात्सुमींनी त्या शैलीला 'गेकिगा' हे नाव दिलं. २००९ मध्ये तेझुका सांस्कृतिक पुरस्कार मिळाला. मधली दोनशे पानं प्रकाशकांच्या भानगडींत रेंगाळतात, तिथे धीर सोडू नका.

१०. स्त्री मांगाकांच्या कथा कुठल्या?

पहिलं नाव आकिको हिगाशिमुरा. 'काकुकाकु शिकाजिका' (इंग्रजीत 'ब्लँक कॅनव्हास'), पाच खंड, २०१५ चा मांगा ताइशो पुरस्कार. मियाझाकी प्रांतातली आकिको स्वतःला थोर चित्रकार समजते. प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी ज्या शिकवणीला जाते तिथले हिदाका सर हातात बांबूची तलवार घेऊन ओरडतात, 'काढ!' दमली तरी काढ, रडलीस तरी काढ. तिला मात्र मांगाका व्हायचं आहे आणि ते सरांना सांगायचं धाडस होत नाही. गुरूचं ऋण आणि त्याच्याशी केलेली लपवाछपवी यांची ही कथा फार हसवते आणि पाचव्या खंडात हात सोडून देते. मला एकच मालिका जवळ ठेवायची परवानगी मिळाली तर हीच ठेवीन.

माचिको हासेगावा यांचं नाव इथे विसरलं जातं. १९४६ ते १९७४ या काळात वर्तमानपत्रात आलेली 'साझाए-सान' त्यांची. बहिणींबरोबर त्यांनी स्वतःची प्रकाशनसंस्थाच काढली आणि त्या धडपडीची हकिगत 'साझाए-सान उचिआकेबानाशी'मध्ये सांगितली. अलीकडच्यांत काबी नागाता. नैराश्य, खाण्याचे विकार, एकटेपण हे सगळं त्यांनी आधी 'पिक्सिव' या चित्रं टाकायच्या संकेतस्थळावर टाकलं आणि २०१६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. ते प्रौढांसाठी आहे.

११. यातलं आत्मचरित्र कुठलं आणि कल्पित कुठलं, हे ओळखायचं कसं?

नावांवरून अंदाज येतो, खात्री नाही. 'मांगा मिची'त नायकांची नावं बदललेली (मागा आणि साइनो), पण तेझुका आणि तेरादा खऱ्या नावाने. काझुहिको शिमामोतो यांच्या 'आओइ होनोओ'त नायक होनोओ कल्पित, पण ओसाकाच्या कलाविद्यापीठातला त्याचा सहाध्यायी हिदेआकी आन्नो खऱ्या नावाचा. तात्सुमींच्या पुस्तकात नायक हिरोशी कात्सुमी आहे. नाव फिरवलं की घटना मागेपुढे करायची मोकळीक मिळते, एवढाच त्याचा अर्थ. 'लुक बॅक'मधल्या फुजिनो आणि क्योमोतो या नावांचे तुकडे जोडले तर लेखकाचं आडनाव 'फुजिमोतो' होतं, म्हणून ते आत्मचरित्र ठरत नाही.

१२. जे मासिक छापतं त्याच्यावरच टीका करायची मुभा मिळते का?

काही अंशी. 'बाकुमान'मध्ये 'जंप'च्या मतदानपद्धतीवर, करारावर आणि संपादकांच्या चुकांवर उघड बोललं जातं. तरीही शेवटी 'जंप'मध्ये असणं हेच सर्वोच्च, या गृहीतकाला धक्का लागत नाही. खरा अपवाद आझुमांसारखी पुस्तकं, जी मोठ्या साप्ताहिकांच्या बाहेर निघाली (प्रश्न ८).

दुसरा चटका लावणारा दाखला २०२० चा. 'टाइम पॅराडॉक्स घोस्टरायटर' या मालिकेत एका धडपडणाऱ्या मांगाकाला भविष्यातला 'जंप' अंक मिळतो आणि त्यातली कथा तो स्वतःची म्हणून काढतो. लोकप्रियता, चोरी आणि अपराधगंड यांवरची ही कथा 'जंप'नेच १४ प्रकरणांत बंद केली. आणि सातोशी कोन यांची 'ओपस', जिच्यात मांगाका स्वतःच्याच कथेत खेचला जातो, ती मासिकच बंद पडल्याने अर्धवट राहिली.

१३. संपादकाच्या बाजूने सांगितलेली कथा आहे का?

दोन. नाओको मात्सुदा यांची 'जूहान शुत्ताइ!' उत्साही आहे. ज्यूदो खेळणारी मुलगी मांगा विभागात नोकरीला लागते आणि छपाई, विक्री, दुकानं या सगळ्यांची ओळख होते. तायो मात्सुमोतो यांची 'तोक्यो हिगोरो' (इंग्रजीत 'तोक्यो दीज डेज', तीन खंड) शांत आहे. तीस वर्षं संपादक राहिलेला शिओझावा मासिक फसल्यावर राजीनामा देतो आणि मग जुन्या, थकलेल्या मांगाकांच्या दारी जातो: माझ्यासाठी पुन्हा काढाल का? दुसरी आधी वाचा.

१४. 'लुक बॅक'चा संबंध क्योतोच्या आगीशी आहे का? त्यातले संवाद बदलले होते का?

(महत्त्वाचा प्रसंग उघड होतो.) १८ जुलै २०१९ रोजी क्योतो अ‍ॅनिमेशनच्या स्टुडिओला एका माणसाने आग लावली, ३६ जण गेले. 'लुक बॅक' त्यानंतर दोन वर्षं आणि एक दिवसाने आली आणि तिच्यात कलाविद्यापीठात शिरून हल्ला करणारा माणूस आहे. त्या घटनेचं नाव कथेत कुठेच येत नाही, पण जपानी वाचकांनी संबंध लगेच ओळखला. हल्लेखोराच्या चित्रणामुळे मानसिक आजार असलेल्यांबद्दल पूर्वग्रह वाढेल, असा आक्षेप आला. ऑगस्ट २०२१ मध्ये ऑनलाइन आवृत्तीतले त्याचे संवाद बदलले. पुस्तक निघालं तेव्हा ते पुन्हा बदलून मूळच्या जवळ आणले. म्हणून दोन वाचकांच्या आठवणी जुळत नाहीत.

१५. शाळेतल्या मुलांना काय द्यावं?

'नोझाकी-कुन' निर्धास्त. 'बाकुमान' साधारण तेरा वर्षांपुढे, आणि रात्र-रात्र जागून आजारी पडणं ही शौर्याची गोष्ट नाही हे शेजारी बसून बोलावं. 'ब्लँक कॅनव्हास' दहावीनंतर. आझुमा, त्सुगे, आसानो, नागाता मोठ्यांसाठीच.

१६. यातल्या एखाद्या कथेचा भारताशी संबंध आहे का?

आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. युकिची यामामात्सु हे पन्नाशी ओलांडलेले मांगाका २००४ मध्ये दिल्लीला आले. जपानमध्ये धंदा बसला होता. भारतात मांगा नाही, मग आपणच हिंदीत छापून विकू, हा बेत. हिंदी येत नाही, इंग्रजीही धड नाही. हिरोशी हिराता यांच्या एका सामुराई मांगाचं हिंदी भाषांतर करवून, छापून ते रस्त्यावर विकायला बसले. भाषांतरकार शोधणं, छापखान्याशी घासाघीस, पोट बिघडणं, सगळं त्यांनी स्वतः काढलं आहे. चेन्नईच्या 'ब्लाफ्ट'ने इंग्रजी आवृत्ती 'स्टुपिड गाय गोज टु इंडिया' या नावाने काढली. काही ठिकाणी त्यांची नजर खटकते, पण परक्या शहरात हातातली कला विकायला निघालेल्या माणसाची जिद्द पानापानावर आहे.

१७. ही पुस्तकं आपल्याकडे कशी मिळतील?

वाचायची ती इंग्रजीतूनच. 'बाकुमान', 'लुक बॅक' आणि 'तोक्यो दीज डेज' या तिन्ही 'विझ मीडिया'च्या. मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन मागवता येतात. शुएशाचं 'मांगा प्लस' हे अ‍ॅप भारतात चालतं. अनधिकृत स्कॅनच्या साइट टाळा. प्रश्न ५ मधला हिशेब वाचला असेल तर कारण वेगळं सांगायला नको.

१८. या कथा वाचून मला स्वतःला मांगाका व्हावंसं वाटतं. जपानबाहेरून शक्य आहे का?

दारं आहेत. शुएशाचं 'मांगा प्लस क्रिएटर्स' २०२२ पासून इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये काढलेल्या चित्रकथा स्वीकारतं. जपानचं परराष्ट्र मंत्रालय २००७ पासून परदेशी चित्रकथाकारांसाठी आंतरराष्ट्रीय मांगा पुरस्कार देतं. दोन्हीकडे प्रत्यक्ष काढलेली चित्रकथा लागते, कल्पना किंवा पात्रांची रेखाटनं चालत नाहीत. तेव्हा वीस खंडांची महागाथा बाजूला ठेवा. थोड्या पानांची, सुरुवात आणि शेवट असलेली एक गोष्ट घ्या, तिचा नेमु करा (प्रश्न ४), चित्रकथा वाचणाऱ्या एखाद्याला तो दाखवा आणि त्याला जिथे कळलं नाही तिथली चौकट पुन्हा काढा.